रालारवेगेन : रेल्वेच्या सोबतीने डोंगर उतरणारी वाट

घरातील तरुणांनी स्कँडिनेव्हियात डोंगरी सायकलने भटकण्याचा बेत मांडला, की वडीलधाऱ्यांच्या मनात तीन प्रश्न हमखास उभे राहतात. वाट कितपत सुरक्षित आहे, जेवणाचे काय होणार आणि सारे कुटुंब बरोबर जाऊ शकेल का? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे तिकिटे काढण्यापूर्वी शोधली, तरच सहल सुखाची होते.

प्रथम देश निवडावा लागतो. डेन्मार्क सायकलींचा देश खरा. पण तेथील सर्वांत उंच जागाही 171 मीटरच्या वर जात नाही. स्वीडनमधील ओरे हे गाव कसलेल्या सायकलस्वारांचे. 1999 साली माउंटन बायकिंगची जागतिक स्पर्धा तेथे भरली होती. 1420 मीटर उंचीच्या ओरेस्कुतान डोंगराच्या उतारावर लिफ्टने वर जायचे आणि दगडधोंड्यांच्या वाटेने खाली यायचे, हा तेथील खेळ. ज्यांना या खेळाचा सराव आहे, त्यांनी तेथे अवश्य जावे. मात्र तीन पिढ्यांचे कुटुंब निघणार असेल, तर नॉर्वेतील रालारवेगेन ही वाट अधिक योग्य ठरते.

‘रालार’ म्हणजे रेल्वेच्या बांधकामावर राबणारा मजूर. ऑस्लो आणि बर्गेन ही शहरे लोहमार्गाने जोडायची, तर मध्ये झाडही न उगवणारे उजाड पठार आडवे होते. तेथे माणसे, अन्न आणि अवजारे पोहोचविण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी मजुरांनी दगड रचून हा रस्ता केला. म्युर्दालजवळचा सव्वापाच किलोमीटरहून लांब ग्राव्हाल्स बोगदा कठीण खडकातून खोदला गेला आणि 1909 साली संपूर्ण लोहमार्ग खुला झाला. रेल्वे आली, तसे रस्त्याचे काम संपले. तो मोडून पडला असता; पुढे सायकलस्वारांनी त्याला नवे आयुष्य दिले. आज जी वाट आनंदासाठी तुडवली जाते, ती कोणाच्या तरी कष्टाची शिल्लक आहे.

हाउगास्टोल ते फ्लोम हे अंतर सुमारे 82 किलोमीटर आहे. आरंभ 988 मीटर उंचीवर, शेवट समुद्रसपाटीवर. म्हणून पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणेच सोयीचे. पहिले 27 किलोमीटर तळ्यांच्या काठाने हळूहळू चढत 1222 मीटरवरील फिन्सेला पोहोचतात. नॉर्वेतील हे सर्वांत उंच रेल्वे स्थानक. येथे मोटारीचा रस्ता येतच नाही. समोर हार्डांगरयोकुलेन ही हिमनदी पसरलेली दिसते. दक्षिण ध्रुवाकडे निघण्यापूर्वी शॅकल्टन यांनी 1914 साली येथेच सराव केला होता. पहिला मुक्काम येथे करावा आणि दुसऱ्या दिवसासाठी बळ राखून ठेवावे.

कारण खरी परीक्षा पुढेच आहे. फिन्सेनंतर वाट 1300 मीटरच्या वर चढते. जुलैच्या अखेरीसही तेथे बर्फाचे पट्टे आडवे असू शकतात आणि सायकल हाताने ओढत न्यावी लागते. उर्वरित मार्गावर रेल्वे सोबत असते. थकलेल्याला स्थानकावरून गाडीत बसता येते. मात्र फिन्सेपुढे आगगाडी दहा किलोमीटरच्या बोगद्यात शिरते आणि हालिंगस्काइडपर्यंतच्या सुमारे 21 किलोमीटरांत माघारी फिरणे किंवा पुढे जाणे, एवढेच दोन मार्ग उरतात. म्हणून निर्णय फिन्सेलाच घ्यावा. पाऊस, धुके वा सोसाट्याचा वारा असेल, तर लहानांनी आणि ज्येष्ठांनी गाडीने म्युर्दाल गाठावे. त्यात कमीपणा कसला? वाट दोन्हीकडून फ्लोमलाच जाते.

हालिंगस्काइडच्या पुढे क्लेवायेले ही अरुंद घळ लागते. एका बाजूस कडा आणि दुसऱ्या बाजूस खोल दरी, अशा ठिकाणी सायकलवरून उतरून चालणेच शहाणपणाचे. म्युर्दालहून फ्लोमच्या दरीत उतरताना सुमारे 20 तीव्र वळणे आहेत. खडी सुटी असते, ब्रेक सतत दाबून हात भरून येतात. तेथेही पायी उतरावे. ज्यांना हे नको, त्यांच्यासाठी 20 किलोमीटरची फ्लोम रेल्वे आहे. ती सुमारे तासाभरात 860 मीटरहून अधिक उंची उतरते.

सायकल भारतातून नेण्याची गरज नाही. हाउगास्टोलला ती भाड्याने मिळते आणि फ्लोमला परत करता येते. रुंद टायर, दोन्ही ब्रेक आणि प्रत्येकाच्या उंचीप्रमाणे आसन, एवढे ताब्यात घेतानाच तपासावे. गाडीत सायकलींसाठी जागा मोजक्याच असतात, तेव्हा ते आरक्षण आणि फिन्सेचा मुक्काम आधीच ठरवावा.

तारखेचा हिशोब मात्र नाजूक आहे. हंगाम जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, जेमतेम दोन महिन्यांचा. लवकर गेल्यास बर्फ, उशिरा गेल्यास थंडी. आणि मधल्या उत्तम दिवसांतच बहुधा पर्युषण येते. तिथी दरवर्षी सरकतात, म्हणून पंचांग आणि वाटेची स्थिती दोन्ही शेजारी ठेवूनच दिवस निवडावेत. सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियम पाळणाऱ्यांना जुलैमध्ये अडचण नाही. तेव्हा सूर्य रात्री साडेदहाच्या सुमारास मावळतो. सप्टेंबरच्या आरंभी तो साडेआठच्या आसपास मावळतो, हे ध्यानी असावे.

भोजनाची व्यवस्था स्वतःच करावी. वाटेत उपाहारगृहे फार थोडी आहेत. खाकरा, भाजलेले पोहे, चणे आणि सुकामेवा पाठीवरच्या पिशवीत सहज मावतात. तूप, पेढे, बर्फी मात्र नेऊ नयेत. भारतातून दुग्धजन्य पदार्थ तेथे नेण्यास बंदी आहे. दुकानातील वेष्टनावर ‘लोक’ म्हणजे कांदा, ‘व्हीटलोक’ म्हणजे लसूण, ‘पुतेत’ म्हणजे बटाटा आणि ‘एग’ म्हणजे अंडे. चीजमध्ये ‘लोपे’ असा उल्लेख असेल, तर ते विरजण प्राण्यापासूनचे असू शकते, म्हणून चौकशी करावी. हे शब्द तेथील लिपीत एका कागदावर लिहून जवळ ठेवले, की दुकानात गोंधळ उडत नाही. पिण्याचे पाणी नळाचेच उत्तम असते.

नॉर्वेसाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो.

शेवटी एक सल्ला, वेळापत्रकात एक दिवस मोकळा सोडावा. दोन दिवसांची वाट तीन दिवसांत योजली, तर वादळ आले तरी फिन्सेला थांबता येते आणि कोणालाही धोक्यात लोटावे लागत नाही. डोंगरातील हवामानाशी घासाघीस चालत नाही. त्या एका दिवसाचा खर्च हा तोटा नसून सहलीचा विमाच आहे, हे व्यापारी घराला वेगळे सांगावे लागू नये.