पाचवा हाली रुपया

आमच्या दादींच्या मेहरचे रुपये एका हिरव्या मखमली बटव्यात असत. दादी लग्न होऊन अंबाजोगाईत आल्या, तेव्हा गावाला मोमिनाबाद म्हणत आणि बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. इंग्रजांचा रुपया तो ‘कलदार’ आणि निजामाचा तो ‘हाली’, असं त्या सांगत. १९५९ साली हाली चलन पूर्ण बंद झालं, तरी चांदी ती चांदीच. १९७२ च्या दुष्काळात बटव्यातले बहुतेक रुपये सराफाकडे गेले आणि घरात ज्वारी आली. मागे उरले चार.

दादींच्या नाती मात्र पाच. गेल्या वर्षी धाकटीचा निकाह ठरला, तेव्हा आम्हा भावंडांना वाटलं, प्रत्येकीला दादींची आठवण म्हणून एकेक रुपया द्यावा. पाचवा मोबाइलवरून मागवू.

हाली रुपया आम्हाला परका नव्हता. एका बाजूला चारमिनार आणि त्याच्या मधल्या कमानीत एक अक्षर. मीर महबूब अली खान यांच्या नाण्यावर ‘मीम’, तर मीर उस्मान अली खान यांच्या नाण्यावर ‘ऐन’. शिवाय ९२ हा आकडा. दादी तो आम्हाला बोटांवर मोजून दाखवत. अबजदच्या हिशोबानं मीमचे ४०, मोठ्या हेचे ८, पुन्हा मीमचे ४० आणि दालचे ४. बेरीज ९२, म्हणजे मुहम्मद (स.) हे मुबारक नाव.

मोबाइलवर दिसलेला रुपया काळ्या मखमलीवर ठेवलेला होता. ‘ऐन’ स्पष्ट, ९२ स्पष्ट, चकाकी अशी की जणू कालच टांकसाळीतून आला. अडीच हजार रुपये पाठवून आम्ही तो मागवला.

पाकीट उघडून रुपया अंगणातल्या उन्हात तिरपा धरला आणि आमचे चेहरे उतरले. सगळ्या पृष्ठभागावर केसांसारखे बारीक ओरखडे होते. कुणीतरी तो घासून उजळवला होता. वरच्या कडेला डाखाचा करडा ठिपका होता, म्हणजे कधीकाळी कडी लावून तो कुणाच्या गळ्यात घातलेला असणार. कडी काढताना कड कानशीनं घासली होती. हाली रुपया मुळात सुमारे ११.१८ ग्रॅमचा, आमचा सराफाच्या काट्यावर १०.७ भरला.

फोटो पुन्हा पाहिला. त्यात खोटं काहीच नव्हतं. उजेड बरोबर वरून पाडलेला, त्यामुळे ओरखडे बुजले होते. आणि फोटो नाण्याच्या आकारात गोल कापलेला, त्यामुळे कड दिसतच नव्हती.

ओळखीच्या एका वयस्कर सराफांनी मग आम्हाला समजावलं. चांदीवर एकसारखा काळपटपणा चढतो, तो दोष नव्हे. तो घासून काढणं हा दोष, कारण गेलेला थर परत येत नाही. न वापरलेलं नाणं हलवलं की उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा त्यावर फिरतो. घासलेल्या नाण्याची चकाकी सगळीकडे सारखी आणि निर्जीव असते. एका फोटोत हा फरक कळत नाही, म्हणून नाणं हळूहळू तिरपं करतानाचा छोटा व्हिडिओ मागावा. झीज आधी उंचवट्यांवर होते, म्हणून मिनारांची टोकं आणि कमानीच्या रेषा पाहाव्यात. पण कधी ठसाच हलका उमटलेला असतो. तिथे नक्षी पुसट असूनही मूळची चकाकी शाबूत राहते, तर झिजलेली जागा गुळगुळीत सपाट दिसते. पृष्ठभागावर बारीक छिद्रं आणि अक्षरांच्या कडा बोथट असतील, तर नाणं साच्यात ओतलेलं, नकली असण्याचा संशय घ्यावा. शेवटी, कडेचा फोटो आणि काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा फोटो मागितल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.

एवढं शिकलो आणि लगेच त्याचा गैरवापर करायला निघालो. पैसे वसूल करायचे म्हणून तोच रुपया विकायला काढला. आमच्यातल्या धाकट्यानं काळी ओढणी अंथरली, वरून बल्ब धरला, कड वगळून फोटो काढला. फोटो इतका सुरेख आला की आम्ही खूश झालो. आम्हाला कुणी फसवलं, मग आम्हीच का नुकसान सोसावं, असं आम्ही एकमेकांना समजावलंही.

अम्मी भाजी निवडत होत्या. त्यांनी मोबाइल हातात घेतला, पाहिलं आणि एवढंच विचारलं, “बाजारातल्या त्या धान्याची गोष्ट विसरलात?” बाजारातून जाताना प्रेषितांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला, तर आतलं धान्य ओलं निघालं. पावसानं भिजलं, असं विक्रेता म्हणाला. मग ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, असं त्यांनी विचारलं. ही हदीस आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण आमच्या फोटोत ओलं धान्य खालीच होतं, हे अम्मींनी सांगेपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या तिरप्या उन्हात नवे फोटो काढले. ओरखडे दाखवले, डाखाचा ठिपका दाखवला, काट्यावरचं वजन दाखवलं आणि खाली तसं लिहिलंही. अकराशे रुपये आले. चौदाशेचं नुकसान झालं, पण घेणाऱ्याचा तक्रारीचा फोन आला नाही.

नंतर दुसरा रुपया घेतला. सगळे फोटो मागून, व्हिडिओ पाहून, वजन तपासून. तो काळपट होता, मिनारांची टोकं झिजलेली होती, पण जसा दिसला तसाच हातात आला. निकाहच्या आदल्या रात्री पाचही रुपये दस्तरखानवर मांडले आणि यातला एक दादींचा नाही, हे आधीच सांगितलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग थोरल्या नातीनं तो उचलला. “दादींनी ज्वारीसाठी दिलेला परत आला, असं समजेन,” ती म्हणाली.