केळीचा डाग

अर्धापूरकडचा माणूस खांद्यावरून ओळखू येतो, असं आजी म्हणायची. केळीचा घड कापला की दांड्यातून चीक गळतो. गळताना अगदी पाण्यासारखा, म्हणून कुणी लक्ष देत नाही. घड खांद्यावर घेऊन बांधापर्यंत जाईस्तोवर सदऱ्यात मुरतो, वारा लागला की तांबूस होतो आणि संध्याकाळपर्यंत गंजासारखा पक्का बसतो. नांदेड जिल्ह्यात आमच्याबरोबर वाढलेल्या पोरांचा निदान एक तरी शाळेचा पांढरा शर्ट या चिकानं खाल्लाय.

आई दारातच विचारायची, "कुठं लागला रे? वाळला का काय?" ओला असला तर तेवढाच भाग चिमटीत धरून आधी गार पाणी, मग लिंबाची फोड आणि मीठ. कापड उलटं करून मागच्या बाजूनं चोळायची, म्हणजे डाग आत न जाता बाहेर पडतो. गरम पाणी मात्र जवळ येऊ द्यायची नाही. चिकातलं टॅनिन हवेनं काळवंडतं आणि उष्णतेनं धाग्यात पक्कं होतं, हे आम्ही फार पुढं वाचलं. तिच्या बोटांना ते आधीच ठाऊक होतं. डाग वाळलेला असला की ती काही बोलायची नाही. तो शर्ट शेतातल्या कपड्यांत जायचा.

हळदीची तऱ्हा वेगळी. शिमग्याच्या आगेमागे शिवारात कढया लागायच्या, शिजत्या हळदीचा वास गावभर, आणि घरातलं एकेक धोतर पिवळं. त्यावर ५०१ बार घासला की डाग एकदम लालभडक व्हायचा. आमच्या धाकट्या काकू लग्नानंतर पहिल्यांदा हे पाहून रडवेल्या झाल्या होत्या. साबणातल्या खारानं हळद लाल होते, त्यात त्यांची काही चूक नव्हती. आजीनं त्यांच्या हातून धोतर घेतलं, खळखळून पिळलं आणि गोठ्याच्या पत्र्यावर पसरून वर चार दगड ठेवले. "ऊन खाऊ दे त्याला." दुपारी लाली गेली, पिवळा फिकटला. पाण्याचा हबका मारून दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात. तिसऱ्या दिवशी धोतर पांढरं. हळदीचा रंग उन्हापुढं टिकत नाही, आणि हळद निघते तेव्हा आमच्याकडं उन्हाला तोटा नसतो.

आजोळ लातूरला. तिथं डागापेक्षा पाण्याशीच झगडा. बोअरचं पाणी इतकं जड की साबण फेसच धरायचा नाही, कपड्यावर पांढरा साका बसायचा. मावशी रात्री रिठे भिजत घालायची. नांदेडला आली की गाठोड्यात पांढरी लुगडी असायचीच. गोदावरीच्या घाटावर ती चुबकून धुतल्याशिवाय तिला माहेरी आल्यासारखं वाटत नसे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात तिनं खळबळलेलं पाणी दुसऱ्या धुण्याला आणि तेच पुन्हा फरशीला वापरलं. नातवाच्या अंगरख्यावर जांभूळ सांडलं, तेव्हा वाटीभर आंबट ताकात तेवढाच कोपरा बुडवून ठेवला. निघालं बरंचसं.

एक डाग मात्र मुद्दाम पाडलेला असायचा. परीटमामा बिब्ब्याच्या तेलात काडी बुडवून प्रत्येक घराच्या कपड्यावर खूण करायचे. आमची तीन ठिपक्यांची. कापड विरलं तरी ती खूण जात नसे. ट्रंकेतल्या घडीवरून घर ओळखता यायचं.

परवा त्याच ट्रंकेतून आजोबांचा सदरा निघाला. कॉलरच्या आत तीन काळे ठिपके, खांद्यावर तळहाताएवढा तपकिरी डाग. आईला आता नीट दिसत नाही. तिनं सदरा खिडकीपाशी नेला, डागावरून अंगठा फिरवला, कापड उलटून मागूनही चाचपलं.

"वाळल्यावर धुतलाय," ती म्हणाली.