पत्त्यातलं ‘द्वारा’

२००६ साली आम्ही पुण्याहून बंगळुरूला आलो आणि महादेवपुऱ्यात बिऱ्हाड थाटलं. इंटरनेट जोडायला आलेल्या मुलाने जिन्याच्या पायरीवर बसून फॉर्म भरला आणि शेवटच्या रकान्याशी थांबून विचारलं, “मेल आयडी क्या रखना है?” कनेक्शनबरोबर एक टपालपेटी फुकट होती. मी नाव सांगितलं. त्याने त्यात एक ‘एन’ जास्त घातला. तो जादा एन मी पुढची सोळा वर्षं वागवला. फोनवर कुणालाही पत्ता सांगताना “एन नागपूरचा, पण दोनदा” हे ठरलेलं.

मी भाषांतराची कामं करते. औषधांच्या वेष्टणातले कागद, यंत्रांच्या माहितीपुस्तिका, असलं काहीबाही. गिऱ्हाइकाला फुकटातला पत्ता देणं तेव्हा जरा हलकं वाटायचं. जीमेल २००४ पासून होतं, पण २००७च्या फेब्रुवारीपर्यंत ते कुणी आमंत्रण दिलं तरच मिळायचं. आणि ‘ॲट’च्या पुढे इंटरनेट कंपनीचं नाव असलं की कसं ऑफिस थाटल्यासारखं दिसतं, असा माझा समज. खरं तर सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल मुद्दाम ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, १९९६ साली सुरू केलं होतं. इंटरनेट कंपन्यांच्या पेटीतून माणसांची सुटका, असा त्यामागचा विचार. मी दहा वर्षांनी आपल्या पायाने त्या पेटीत जाऊन बसले, आणि वर व्हिजिटिंग कार्डंही छापून घेतली.

सप्टेंबर २०२२च्या पावसात आमचा सगळा पट्टा पाण्याखाली गेला. आउटर रिंग रोडवर तळी साचली होती, आयटीतली मंडळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी राहून कामाला निघाली होती, टीव्हीवर तेच दिसत होतं. आमच्या इमारतीत पाणी शिरलं नाही, पण नेट गेलं ते नऊ दिवस. आमच्याकडे या वायरी करंजाच्या झाडांवरून (इथे त्याला होंगे म्हणतात) वेलीसारख्या एकीतून एक गेलेल्या असतात, कुठली कुणाची ते वायरमनलाही सांगता येत नाही. शेजाऱ्यांचं दुसऱ्या कंपनीचं नेट मात्र दुसऱ्या दिवशी चालू झालं होतं. दहाव्या दिवशी आम्हीही तिकडे गेलो.

जुनं कनेक्शन बंद करायला फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “मॅडम, मेल आयडीसुद्धा तीस दिवसांत बंद होईल.”

नवरा म्हणाला, “असं कसं? तुझा फोन नंबर तर आणलास की.” आणला होता. २०१५च्या जुलैत देशात कुठूनही कुठेही नंबर नेण्याची सोय झाली तेव्हा मी पुण्याचा नंबर इथे आणला, अजून तोच आहे. मग मेलचं घोडं कुठे अडतं? फोनच्या बाबतीत कुठला नंबर आता कुठल्या कंपनीकडे आहे याची सामाईक नोंद ठेवलेली असते. फोन आधी ती नोंद बघतो, मग जातो. मेलचं तसं नाही. पाठवणारं यंत्र फक्त ‘ॲट’च्या पुढचं नाव वाचतं, त्या नावाचं टपाल कुठे टाकायचं एवढंच विचारतं आणि तिथे टाकून मोकळं होतं. अलीकडचं नाव कुणाचं, हे त्या कंपनीच्या यंत्राखेरीज कुणालाच ठाऊक नसतं.

आमच्या लहानपणी मिरजेत वाड्यातल्या बिऱ्हाडकरूंच्या पत्रांवर ‘द्वारा’ लिहून मालकांचं नाव असायचं. तसलाच हा प्रकार. फरक इतकाच की घर सोडताना पोस्टात अर्ज दिला तर पत्रं नव्या पत्त्यावर वळवून मिळायची. इथे अर्ज मालकाकडेच करायचा, आणि मालकाने नाही म्हटलं. मेल पुढे पाठवायची सोय त्यांच्याकडे नव्हती.

मग मी एक दोनशेपानी वही घेतली आणि हा पत्ता कुणाकुणाकडे आहे ते लिहायला बसले. पहिल्या बैठकीत चौदा नावं झाली, वाटलं, संपलं. दिवाळीपर्यंत आकडा एकशे सदतीसवर गेला. दोन बँका, विमा, म्युच्युअल फंड, आयकराचं पोर्टल, आधार, गॅसची नोंदणी, रेल्वेची तिकिटं, मुलाची शाळा (तो तेव्हा इंजिनिअरिंगला होता, शाळा अजून वार्षिक संमेलनाचं आमंत्रण पाठवत होती), दातांचा डॉक्टर. आणि खरी मेख ही की नवा पत्ता नोंदवायला गेलं की निम्म्या ठिकाणी ओटीपी जुन्या पत्त्यावर येतो. किल्ली आतल्या खोलीत आणि कडी बाहेरून. म्हणून जुनं कनेक्शन सगळ्यात स्वस्त योजनेवर टाकून सहा महिने तसंच ठेवलं. घरात दोन राउटर शेजारी शेजारी लुकलुकत होते, एक कामाचा आणि एक ओटीपीचा. नवऱ्याने दर महिन्याला दोन बिलांवरून एक टोमणा मारला, तो मी ऐकून घेतला. आधारचं काम केंद्रावर जाऊन पन्नास रुपयांत झालं, तासभर रांगेत उभी होते तेवढंच. एका फंडाने मात्र सही जुळत नाही म्हणून अर्ज दोनदा परत केला. सोळा वर्षांत सही बदलते, माझी तर बदललीच आहे.

जुन्या मेलांची गोष्ट वेगळीच निघाली. सुरुवातीला मी आउटलुक एक्सप्रेस वापरायचे. त्यात ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ असा एक चौकोन होता, त्यावर मी खूण केलेली नव्हती. म्हणजे मेल घरच्या संगणकावर उतरला की कंपनीकडून पुसला जाई. २००६ ते २०११ची पत्रं अशी एका डब्यात होती आणि तो डबा आम्ही केव्हाच भंगारवाल्याला दिलेला. आईचा एकुलता एक मेल त्यात होता. भाच्याने तिच्यासाठी टाइप केलेला, तीन ओळींचा, मेतकुटाचं प्रमाण विचारलं होतं त्याचं उत्तर. २०११नंतरचे मेल थंडरबर्डमध्ये एका खात्यातून दुसऱ्यात ओढत नेले. दोन रात्री लागल्या.

नवा पत्ता घेताना यावेळी कुणाचं ‘द्वारा’ नको म्हटलं. माझ्या नावाचं .इन डोमेन घेतलं. वर्षाला काही शे रुपये भाडं. आता टपाल कुठल्या कंपनीकडे ठेवायचं ते मी ठरवते. उद्या कंपनी बदलली तर डोमेनच्या नोंदीत एक ओळ बदलायची, पत्ता तोच. मोहापायी .भारतचाही विचार केला, २०१४ पासून देवनागरीत डोमेन मिळतं. मराठीत पोट भरणाऱ्या बाईचा पत्ता देवनागरीत असावा, किती छान! एका बँकेच्या फॉर्मात नमुन्यादाखल तसा पत्ता लिहून पाहिला. लाल अक्षरांत उत्तर आलं, वैध ईमेल लिहा. हौस तिथेच मिटली.

ज्यांची नावं वहीत होती त्यांना कळवता आलं. पण माझी आठवण असलेली आणि मला न आठवणारी माणसं कुठून शोधणार? तीन-चार वर्षांतून एकदा काम पाठवणारे प्रकाशक, बदली होऊन गेलेले शेजारी. त्यांच्यासाठी मी सहा महिने आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवलं. त्यातून अकराजण सापडले. नऊ कर्ज देऊ करणारे होते.

मार्च २०२३ संपत आला होता. व्हाइटफील्ड ते कृष्णराजपुरा मेट्रो नुकतीच सुरू झालेली, तिच्यातूनच राउटर न्यायला मुलगा आला. मेल आता लगेच बंद होईल का, असं विचारलं तर वायर गुंडाळत म्हणाला, “ईग यारू यूज माडल्ल, मेडम.” आता कुणी वापरत नाही म्हणे. संध्याकाळी मी माझ्याच जुन्या पत्त्यावर मेल टाकला. तो पोचला. दुसऱ्या दिवशीही पोचला. पाचव्या दिवशी मिनिटभरात परत आला, या नावाचं कुणी इथे नाही.

मे महिन्यात मिरजेला गेले तर बाबा रागावलेले. झेरॉक्सवाल्याकडून पेन्शनचे कागद मला मेल केले होते, ते दोनदा परत आले, दोनदा पैसे गेले. फोनवर मी नवा पत्ता सांगितला होता, पण लिहून घेतला नव्हता. त्यांचा सगळा पत्रव्यवहार कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चालतो. तिथे वीजमंडळाचा ग्राहक क्रमांक, त्याखाली गॅसवाल्याचा फोन, त्याखाली बॉलपेनने ठसठशीत अक्षरांत माझा मेल. मी त्यावर काट मारली आणि खाली नवा लिहिला. बाबांनी चष्मा चढवून एकेक अक्षर वाचलं.

“एन एकच?”

“एकच.”

“मग इतकी वर्षं दोन कशाला होते?”

मी त्यांना जिन्यातल्या त्या मुलाची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, आणि कपाट लावण्याआधी माझ्याच हातून पेन घेऊन त्या एका एनखाली रेघ मारून ठेवली.