राजा, राणी आणि पाठीवरचा पर

लेकीला कुत्रा हवा होता. घरमालकाच्या करारनाम्यात प्राणी पाळायला सक्त मनाई. शेवटी 'मासे म्हणजे काही प्राणी नव्हेत' अशी मांडवली झाली (मत्स्यावतार क्षमा करो!) आणि आमच्या रेडिंगच्या भाड्याच्या घरात ६० लिटरची फिशटँक आली.

दुकानातून दोन निळे गुरामी आणले. एक थोराड, एक लहानखुरा. "जोडी आहे ना?" असं तिथल्या पोराला विचारलं, तर म्हणाला, "शुड बी." इतकी वर्षं इथे नोकरी करून इंग्रजांच्या 'शुड बी'चा अर्थ मला कळायला हवा होता. असो. लेकीने बारसं केलं : राजा आणि राणी.

आठवड्याभरात राजा राणीच्या मागे मागे फिरायला लागला. आम्हाला कौतुक! "लाडात आलाय," मी म्हटलं. बायको म्हणाली, "अरे, लाड कसले? तिचं शेपूट बघ." शेपटाचा लचका गायब होता. राणी हीटरच्या मागे अंग चोरून उभी.

तिथेच लपून राहिली असती तरी चाललं असतं, पण गुरामीची गंमत अशी की त्याच्या कल्ल्यांच्या वर घड्याघड्यांचं एक इंद्रिय असतं आणि त्याने तो थेट हवेतून श्वास घेतो. त्यासाठी अधूनमधून पृष्ठभागावर यावंच लागतं. आणि नर आपलं बुडबुड्यांचं घरटं बांधतो तेही नेमकं पृष्ठभागावरच. म्हणजे राणी श्वास घ्यायला वर आली रे आली की राजा बाणासारखा अंगावर!

त्या रात्री टॉर्च घेऊन टँकसमोर बसलो. ड्वार्फ गुरामीचं सोपं असतं, नर लाल-निळ्या पट्ट्यांचा, मादी फिकट चंदेरी. निळ्या गुरामीत दोघांचा रंग सारखाच. बघायचा तो पाठीवरचा पर. नराचा लांब, टोकदार, मागे शेपटाकडे झुकलेला. मादीचा आखूड आणि गोलसर. राजाचा टोकदार होता. राणीचाही टोकदार होता! ऑफिसात ड्रॉइंगवरचं एकेक माप तीनदा तपासणारा मी, घरात मात्र एक मोठा, एक छोटा बघून संसार थाटून मोकळा झालो होतो.

तसा आमच्या चुकीला घराणं मोठं आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने गंगेतल्या माशांवर ग्रंथ लिहिला, तो १८२२ साली एडिंबरोला छापला गेला. त्यात हनी गुरामीच्या नराला आणि मादीला त्याने दोन वेगळ्या जाती समजून दोन नावं दिली. आम्ही उलट केलं, दोन नरांना नवरा-बायको ठरवलं.

मग उपाय सुरू. दगड हलवले, म्हणजे राजाला आपली हद्द कुठे ते कळू नये. तरंगत्या वनस्पती सोडल्या, एकमेकांना सारखे दिसू नयेत म्हणून. दोन दिवस शांतता, तिसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. मोठेपणी १५ सेंटिमीटरपर्यंत जाणारा मासा, त्यात दोन नर आणि ६० लिटर पाणी. गणितच चुकलेलं होतं. एका नराबरोबर दोन-तीन माद्या ठेवल्या तर त्रास वाटला जातो म्हणतात, पण त्यालाही टँक मोठी लागते.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे भलीमोठी टँक होती, गुरामी नर नव्हता. तो एक घ्यायला तयार झाला. मी जाळी घेऊन राणीला पकडायला निघालो, तर लेक आडवी आली. "मारतो राजा. मग राणीने का जायचं?"

मी म्हटलं, राणी अशक्त आहे, पकडायला सोपी आहे... आणि बोलता बोलता गप्प झालो. अर्धा तास झटापट करून राजाला पकडला. माझ्या शर्टाच्या दोन्ही बाह्या भिजल्या.

राणी त्याच संध्याकाळी हीटरमागून बाहेर आली. शेपूट हळूहळू भरून आलं. दीड महिन्याने पाहतो तर टँकच्या कोपऱ्यात बुडबुड्यांचं घरटं, खाली राणीचा ऐटीत पहारा, आणि काचेतल्या स्वतःच्याच प्रतिबिंबावर हल्ले! लेकीला म्हटलं, हे काम नर करतो, आता नाव बदलूया का?

"कशाला?" ती म्हणाली. "राणीच आहे ती."