दुसरा कंट्रोलर

शनिवारी रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, ड्रॅगन बॉल फायटरझी घेऊ का? सेल उद्या रात्री संपतोय."

घे म्हणायला काहीच लागत नव्हतं. पण ॲनिमेवरचा एक फायटिंग गेम मी स्वतः अशाच घाईत घेतला होता आणि ते पैसे मला अजून सलतात. त्याचं नाव इथं नको. पात्रं भरपूर होती, ट्रेलर पाहताना अंगावर काटा आला होता. तिसऱ्या संध्याकाळी उमगलं, की कुणालाही निवडा, एकच बटण बडवत राहायचं. स्फोटाचा रंग बदलतो, बाकी सगळं तेच. समोरच्यानं हरवलं तर का हरवलं ते कळायचं नाही, आणि जिंकलो तर माझं मलाही सांगता आलं नसतं. आवडत्या पात्रांची हलती चित्रं तेवढी मी विकत घेतली होती. तेव्हापासून असा गेम दिसला की मी आधी एवढंच बघतो, की हरल्यावर कारण कळतं का.

म्हणून भाच्याला म्हटलं, "लगेच घेऊ नकोस. उद्या सकाळी माझ्याकडे ये, खेळून बघ, मग ठरव."

फायटरझी माझ्याकडे आधीपासून होता. तो आला २०१८ च्या जानेवारीत. प्रकाशक बांदाई नामको, पण घडवला योकोहामाच्या आर्क सिस्टिम वर्क्सनं. 'गिल्टी गियर' ही त्यांची मालिका १९९८ पासूनची, म्हणजे फायटिंग गेममध्ये त्यांचा हात मुरलेला. कव्हरवर कुठलं पात्र आहे हे बघण्याआधी गेम कुणी बनवलाय ते वाचावं, असं माझं ठाम मत आहे. पात्रांचे हक्क पैसे मोजून मिळतात, ठोसा कधी लागावा आणि कधी चुकावा याची जाण तशी मिळत नाही.

दिसायला सगळं हातानं काढल्यासारखं, प्रत्यक्षात मात्र त्रिमितीय मॉडेलं. दोन पोझमधली हालचाल संगणकाला भरू दिली की ती गुळगुळीत होते, पात्रं बाहुल्यांसारखी तरंगतात. इथं ते होऊ दिलेलं नाही. एकेक पोझ माणसानं बसवलेली, ती क्षणभर तशीच धरलेली, मग एकदम पुढची. अंगावरच्या सावल्याही चित्रकाराच्या नजरेनं पाडलेल्या. टीव्हीवरचं ॲनिमे मोजक्या चित्रांत ज्या रीतीनं जोर आणतं, तीच ही रीत. मी मुद्दाम पॉज करून बघतो. थांबवाल तिथं अकिरा तोरियामांच्या मांगातली चौकट समोर उभी राहते. नायक गोकूच्या मुलानं, छोट्या गोहाननं, सेल या खलनायकाला कथेतल्याच मैदानावर, ठरलेल्या पद्धतीनं संपवलं, तर बापलेकांनी मिळून सोडलेला तो कामेहामेहाचा झोत पडद्यावर येतो. शाळेतून येऊन दप्तर टाकलं की कार्टून नेटवर्कवर हिंदीतून हे सगळं बघणाऱ्या माझ्या पिढीचा श्वास तिथं अडकतो.

एवढ्यावर मात्र घे असं मी कुणाला सांगणार नाही. असे प्रसंग यूट्यूबवर फुकट बघता येतात.

भाचा सकाळी आला, हातात दुसरा कंट्रोलर घेतला. या गेममध्ये तीन-तीन पात्रांचा संघ असतो. एकच बटण दाबत राहिलं तरी कॉम्बो आपोआप जुळतो, त्यामुळे नवखा माणूस पहिल्या पाच मिनिटांत हरखून जातो. भाच्याला सुपर डॅश सापडला, म्हणजे कुठूनही थेट समोरच्याच्या अंगावर झेपावणं. मग काय, प्रत्येक वेळी तेच. मी खाली दाबून जोराचा फटका मारायचो, की वरून झेपावणारा हवेतच उडायचा, तिथून माझा कॉम्बो सुरू. सहा वेळा हरला. प्रत्येक वेळी मी तेच करत होतो आणि तोही तेच करत होता.

सातव्या वेळी तो झेपावला नाही. थोडा पुढे आला, थांबला. माझा फटका हवेत गेला. तो फटका चुकला की माणूस क्षणभर उघडा पडतो. तेवढ्यात त्यानं पकडलं आणि माझं पात्र गेलं. सामना शेवटी मीच जिंकला, पण तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तू खाली वाकून मारणारच, हे मला आता माहीत आहे."

दुपारी जेवताना मी त्याला घे म्हणून सांगितलं.

उणिवाही सांगितल्या. एकट्यानं खेळायची कथा लांबवलेली आहे, त्याच त्या नकली पात्रांशी पुन्हा पुन्हा लढत बसावं लागतं. फक्त तिच्यासाठी घेणार असशील तर पैसे ठेव. सुरुवातीला २४ पात्रं होती, नंतरची वेगळी विकली, आणि आज एकट्या गोकूचीच निदान पाच रूपं यादीत आहेत. चाहत्याच्या जिवावर पैसे काढायची ही रीत मला मनापासून खटकते. मूळ गेम घे, तीन पात्रं नीट शीक, चौथं लागलंच तर बघू. त्यानं तसंच केलं. संघात क्रिलिनसारखा साधा माणूस घेतला, म्हणजे मुलगा माझ्या मनासारखा निघाला.

लोक विचारतात, किती तास खेळता येईल? फायटिंग गेमला हे मोजमाप लागू पडत नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये लास वेगासला इव्हो ही या खेळांची मोठी स्पर्धा झाली. फायटरझीच्या अंतिम लढतीत अमेरिकेच्या सॉनिकफॉक्सनं जपानच्या गोइचीला हरवलं. ती लढत मी कितीदा पाहिली असेल. गेम बाजारात येऊन सहाएक महिने झाले होते, आणि बटण दाबण्याआधी समोरच्याचं मन वाचायचं, इथवर ते दोघं पोचले होते. ते वाचण्यासाठी समोर माणूस लागतो. बरोबर खेळणारं कुणीच नसेल तर हा गेम कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, असं मी म्हणेन.

पुढे भाचा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि हेच मला नडलं. ऑनलाइन खेळताना दोघांची बटणं एकमेकांपर्यंत पोचेस्तोवर गेम थांबून राहायचा. एक फ्रेम सेकंदाचा साठावा भाग, तशा चार-पाच हुकल्या की वाकून मारायची वेळ निघून जाते. आम्ही दोघांनी हळूहळू खेळणं सोडलं.

२०२४ च्या फेब्रुवारीअखेरीस ऑनलाइन खेळासाठी रोलबॅक आलं. त्यात गेम वाट बघत नाही. समोरचा आता काय दाबेल याचा अंदाज धरून पुढे जातो, अंदाज चुकला तर डोळ्यांना कळायच्या आत मागे जाऊन दुरुस्ती करतो. सहा वर्षं जुन्या गेमसाठी हे काम कुणीतरी केलं, याचं मला फार कौतुक वाटतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १ मार्चला, तोरियामा गेले. बातमी आठवड्यानं कळली.

त्या रात्री भाच्याचा मेसेज आला, "मामा, लॉबीत ये." फार बोलणं झालं नाही. त्यानं क्रिलिनला पुढे ठेवलं होतं. मी वाकून बसलो आणि तो झेपावतोय का ते बघत राहिलो.