वहीतल्या रायफली

१ ऑगस्ट २०२४, गुरुवार. जालना

दुपारी टीव्हीसमोरून हललो नाही. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं, ४५१.४ गुण. आधी गुडघ्यावर, मग पालथं, मग उभं. उभ्याच्या फेरीला माझाच श्वास अडकला होता.

संध्याकाळी अंबडहून वकीलसाहेबांचा फोन. "मिस्त्री, त्याची रायफल पॉइंट टू टूच ना? मग आमच्या आबांची तीच की!"

तीच कुठली! पण बोअर तोच, हे खरं. याच रायफलीला ते सोडायला निघाले होते. २०१९ च्या दुरुस्तीनं परवान्यावर तीनाऐवजी दोनच शस्त्रं राहिली, तेव्हा घरात मत पडलं की दुनळी रुबाबाची, तीनशे पंधरा जोराची, आणि ही पोराच्या खेळण्यासारखी. माझ्या सांगण्यावरून दुनळी गेली. वहिनी अजून त्यावरून मला ऐकवतात.

६ ऑगस्ट, मंगळवार. अंबड

अखेर निवांत बघितली. वकीलसाहेब समोर बसून. ते समोर नसले तर मी हात लावत नाही; परवाना त्यांचा आहे, माझ्याकडे नुसती छऱ्याची एअर रायफल.

बीएसए मार्टिनी, मॉडेल १२/१५. खालची लिव्हर ओढली की ब्लॉकचं पुढचं तोंड खाली झुकतं, एक काडतूस सारायचं, लिव्हर वर. बाजूला तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्याचा छाप, तो बीएसएचा. त्या छापाच्या कडा बोटाला लागतात. बफ मारलेला असता तर त्या साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारख्या गुळगुळीत झाल्या असत्या. स्क्रूच्या खाचा शाबूत. अक्रोडाचं लाकूड लोखंडापेक्षा केसभर उंच, म्हणजे कुणी घासून खाली नेलेलं नाही. रोलिंग मिलच्या मेंटेनन्समध्ये तीस वर्षं काढली, पत्र्यावर कोण काय करून गेलंय हे बोटांना कळतं.

पण नळीनं घोळ घातला. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसात जादा दाबाचं काडतूस उडवून नळी तपासतात, टिकली तर शिक्का मारतात. अ‍ॅक्शनवर मुकुटाखाली 'एनपी', म्हणजे जुना. नळीवर मात्र मुकुटाखाली 'बीएनपी', आणि तो १९५४ च्या नियमांनंतरचा. वकीलसाहेब म्हणतात, आबांनी निजामाच्या राज्यात घेतलेली. मनात आलं, नळी बदललेली दिसते. तोंडानं काही बोललो नाही. वहिनींनी पोहे आणले होते.

निघताना नळीचं बूड पुन्हा तेलाच्या फडक्यानं पुसलं. मळाखालून बारीक अक्षरं वर आली: 'पार्कर-रायफल्ड'. नळी तीच, आतला भाग झिजला म्हणून कोरून काढलेला आणि आत नवी आटे पाडलेली नळकांडी बसवलेली. बर्मिंगहॅमच्या पार्करकडची ही जुनी विद्या. पूर्वीच्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये क्लोरेट असायचं, उडाल्यावर नळीत एक प्रकारचं मीठच उरायचं, आणि आपल्या पावसाळ्यात मीठ लोखंडाचं काय करतं ते सांगायला नको. अस्तर घातल्यावर पुन्हा प्रूफ, म्हणून नवा शिक्का. आबांनी ती दुरुस्तीला पार विलायतेला धाडली असणार.

११ ऑगस्ट, रविवार

वकीलसाहेब जुन्या परवान्याचा कागद घेऊन जालन्याला आले. सगळा उर्दूत. सदर बाजारातल्या एका निवृत्त उर्दू मास्तरांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, नंबर वाचला (अ‍ॅक्शनवरच्याशी तंतोतंत), आणि साल सांगितलं, १३४८.

वकीलसाहेबांनी मोबाइलवर हिशेब केला. "हिजरी १३४८ म्हणजे १९२९-३०. बघा, आमची तुमच्या अंदाजापेक्षाही जुनी!"

मला धस्स झालं. १२/१५ हे मॉडेलच १९३८ चं. म्हणजे कागद खोटा, नाहीतर रायफल दुसरी. मास्तर हसायला लागले. "वकीलसाहब, हिजरी नव्हे हो, फसली! सरकारी कागद आहे." फसलीत ५९० मिळवा, १९३८ आलं. ऑक्टोबर १९३८ ते ऑक्टोबर १९३९. जन्मभर जमिनीच्या दाव्यांत जुन्या नोंदींचे फसली सन वाचलेला माणूस, आणि घरच्या कागदावर हिजरी लावून बसला. चहा होईपर्यंत त्यांचे कान लाल होते.

कागदावर नळीच्या अस्तराचा उल्लेख असायचं कारण नाही, पण ते काम आता लपवायचंही नाही. वहीत लिहिलं: अ‍ॅक्शन व लाकूड मूळ, नळी मूळ, अस्तर १९५४ नंतरचं, कागद जुळतो. नोंद क्रमांक ४७. परदेशी पुस्तकांतल्या संग्राहकांच्या भिंतीवर वीस-वीस मार्टिनी टांगलेल्या असतात. इथं परवान्यावर दोन जागा. माझा संग्रह या वहीत, सत्तेचाळीस नोंदी आणि रायफल एकही नाही.

किंमत विचारली, ती टाळली. बाहेरचा गिऱ्हाईक अस्तर ऐकून भाव पाडेल. आपल्याकडे सामान्य परवानेदाराला विलायती माल आणता येत नाही, त्यामुळं इथला नेमबाज उलट म्हणेल, आतून नवी आहे ना, मग द्या. एकाच कामाला दोन बाजारांत दोन भाव. आणि कागद सोबत असेल तर तिसराच.

२३ सप्टेंबर, सोमवार. असई

दरवर्षीचा नेम. १८०३ साली आजच्याच दिवशी वेलस्लीनं इथं शिंदे-भोसल्यांच्या फौजेला गाठलं. केळणा आणि जुईच्या मधली ती जमीन आज कपाशीनं भरलीय. एका घरी ओसरीवर ठासणीची बंदूक टांगलेली, मोडकी, घोडा जाम. "असईच्या लढाईतली," आजोबा म्हणाले. लॉकवर सिंह होता, मागच्या पायांवर उभा. कंपनी सरकारचा आधीचा छाप बदामाच्या आकाराचा. हा सिंह १८०८ पासूनचा. पाच वर्षांनी लढाई चुकली.

सांगितलं नाही. ते विकणारही नव्हते, मी घेणारही नव्हतो.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा. अंबड

सकाळी आपटा द्यायला गेलो आणि पोटात गोळा आला. पाटावर तीनशे पंधरा, आबांची तलवार आणि मार्टिनी. मार्टिनीची लिव्हर चांदीसारखी चमकतेय. पुतण्यानं हौसेनं झिरो नंबरचा पॉलिश पेपर मारला होता. शेजारी दुसरा तुकडा घडी करून ठेवलेला, अ‍ॅक्शनसाठी.

"काका, कशी दिसतेय?"

काय सांगू? पोरानं प्रेमानंच केलं. पंचाऐंशी वर्षांची निळसर-तपकिरी कांती, दहा मिनिटांत गेली. ती परत आणायला ब्लूइंग करता येतं, पण ते केलं की उरलेल्या भागाशी कधीच जुळत नाही, आणि जुळवायला गेलं की सगळीच घासावी लागते. मी नुसता तो दुसरा तुकडा उचलून खिशात टाकला. हळदकुंकू लोखंडावर ओलं लावू नका, लाकडावर ठिपका लावा, एवढं म्हणालो. वहिनींनी ऐकलं. दुनळीच्या वेळी ऐकलं नव्हतं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

१५ तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली. शस्त्रं जमा करायची. वकीलसाहेबांसोबत ठाण्यात गेलो. आदल्या रात्री रायफलीला पातळ तेल, आणि चामड्याच्या म्यानाऐवजी सुती कापड. चामडं ओल धरतं. सहा बाजूंनी फोटो. हवालदारांनी नंबर काळजीनं दोनदा वाचून पावतीवर उतरवला आणि वर्णनाच्या रकान्यात लिहिलं, 'एक जुनी रायफल'.

मला त्यात खोट काढता आली नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

निकाल लागला, रायफल परत आली. घरी आणून कापड सोडलं. अ‍ॅक्शन जशीच्या तशी, त्या तपकिरी अंगाला काही झालेलं नाही. नळीत आरसा. फक्त लिव्हरवर, पॉलिश पेपर मारलेल्या जागी, तांबूस ठिपक्यांत एक अंगठा उमटला होता, रेषांसकट.

पुतण्यानं त्यावर आपला अंगठा धरून बघितला. जुळत नव्हता. मग मी धरला.

तेल लावताना निसटू नये म्हणून मीच तिला तिथं धरलं होतं, आणि तीच जागा पुसायची राहिली होती. नोंद ४७ खाली लिहिलं: लिव्हर, गंज, नोव्हेंबर २०२४, माझा.