कळकणे

'कळकणे' हे क्रियापद आता क्वचितच कानी पडते. गिरगावातल्या आमच्या चाळीत ते नित्याचे होते. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात चिंचेची आमटी राहून गेली, की आई ती 'कळकली' म्हणून ओतून देई. आंबटामुळे तांब्याचा अंश अन्नात उतरतो, हे रसायनशास्त्र त्या एका शब्दात सामावलेले होते. मग वाडीत कल्हईवाला येई, भाता लावून भांडे तापवी, नवसागराची पूड टाकी आणि कथील टेकवून कापसाच्या बोळ्याने ते आतून फिरवी. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. पण नवसागराने धातूवरचा ऑक्साइडचा पापुद्रा काढल्याखेरीज ते धरत नाही.

हे आठवले ते माझ्या भाच्यामुळे. तो इंधनघटांवर संशोधन करतो. त्याने एक मराठी लेख भाषा तपासण्यासाठी माझ्याकडे पाठवला. घन ऑक्साइड इंधनघट सातशे-आठशे अंशांवर चालतात. त्यांतले घट एकावर एक रचून मध्ये क्रोमियमयुक्त पोलादाच्या पट्ट्या घालतात. त्या तापमानात, दमट हवेत, पट्टीतले क्रोमियम वाफरूपाने उडते, हवेच्या बाजूच्या विद्युत्-अग्रावर जाऊन बसते आणि तिथली क्रिया मंदावते. यासाठी त्याने 'विषबाधा' हा शब्द योजला होता. मी समासात लिहिले : अग्र कळकते.

उपाय म्हणून पट्टीवर मँगनीज-कोबाल्ट ऑक्साइडचा, काही मायक्रॉन जाडीचा थर देतात. त्याला त्याने 'मुलामा' म्हटले होते. मी तो शब्द खोडला. आपल्या समीक्षेने 'मुलामा' इतका बदनाम केला आहे, की त्यात आता फसवणूकच ऐकू येते. त्याऐवजी मी 'कल्हई' सुचवली.

''मामा, कल्हईने नुसते अडवले तरी भागते,'' त्याचे उत्तर आले. ''इथे क्रोमियम अडवायचे आणि वीज जाऊ द्यायची. शिवाय पोलादाइतकेच प्रसरण पावायचे, नाहीतर थर तडकून सुटतो.'' विजेच्या खांबांवर चिनी माती वापरतात ती वीज अडवण्यासाठी. हे सिरॅमिक मात्र वाहक.

त्या उत्तराने मी बराच वेळ अडखळलो. मम्मटाने काव्यालंकारांना हाराची उपमा दिली. हार उतरवता येतो, गळा तसाच राहतो. त्याच्या उलट टोकाला, आशय आणि अभिव्यक्ती वेगळी काढताच येत नाहीत, असे आपण वर्गात शिकवतो. परंतु आतल्या धातूहून स्पष्टपणे वेगळा असलेला, तरी ज्याच्यावाचून तो धातू कामाचा राहत नाही असा थर? काही चांगल्या अनुवादांची भाषा मला अशी वाटते. तिला शब्द द्यायला गेलो, तर हाताशी पुन्हा 'मुलामा'च येतो.

लेखात अखेर 'विलेपन' राहिले. निर्जीव शब्द, पण निरुपद्रवी. 'विषबाधा'ही राहिली, इंग्रजी संज्ञेशी ती जुळते, हे त्याचे म्हणणे मला मान्य करावे लागले. 'कळकणे' मात्र त्याने एके ठिकाणी ठेवले आहे. संपादकांनी त्यावर तळटीप मागितली आहे. ती मी लिहितो आहे; 'कल्हई' म्हणजे काय, हेही तिच्यात सांगावे लागणार, असे दिसते.